न्हावा शेवा: कंटेनर कुठे अडतो आणि का

रबाळे, महापे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये परदेशातून सुटे भाग मागवणाऱ्या छोट्या कारखानदाराची कस्टम्सशी गाठ पडते ती बहुतेक वेळा सीएचएच्या (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाच्या) फोनमधून: "साहेब, माल एक्झामिनेशनला लागलाय." तिथून घालमेल सुरू. सीएफएसचं, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर-गोदामाचं, ग्राउंड रेंट (जागाभाडं) चढतंय, शिपिंग लाइनचे बिनभाड्याचे फ्री डेज संपत आलेत, इकडे मशीन बंद पडून आहे. फोन आज आला तरी त्याचं कारण बरंच आधी, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडे द्यायचं विवरण, भरताना तयार झालेलं असतं. म्हणून तो एक कागद नीट समजून घ्यायला हवा.

आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर बिल ऑफ एंट्री दाखल झालं की ते आधी आरएमएस या जोखीम-छाननी यंत्रणेतून जातं. २००५ पासून ही पद्धत आहे. आयातदाराचा पूर्वेतिहास, मालाचा प्रकार सांगणारा आठ आकडी एचएस कोड, मूळ देश, जाहीर केलेला भाव असं सगळं एकमेकांशी ताडून यंत्रणा ठरवते की हे बिल सरळ ड्यूटी भरून सोडायचं, असेसमेंटला (अधिकाऱ्याकडून कोड, भाव आणि ड्यूटी तपासायला) पाठवायचं, स्कॅनरखाली घालायचं की माल उघडून बघायचा. दर कंटेनर उघडायचा ठरवलं तर न्हावा शेवा एका दिवसात तुंबेल. नेमकं कुणाला थांबवायचं हे कळल्याशिवाय इतरांना सोडता येत नाही, आणि ते कळतं तुम्ही भरलेल्या माहितीतूनच.

तरीही वर्णनाच्या रकान्यात नुसतं "व्हॉल्व्ह" लिहून बिल जातं. ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस असेसमेंट आहे. तुमचा कागद तपासणारा अधिकारी चेन्नईत किंवा कोलकात्यात असू शकतो. त्याच्यापुढे ना तुमचा माल, ना तुम्ही. "एसएस ३१६ बॉल व्हॉल्व्ह, टू-पीस, १ इंच, हाताने चालणारा, मॉडेल क्रमांक अमुक, औद्योगिक वापरासाठी" एवढं लिहिलं आणि ई-संचितवर (कागदपत्रं ऑनलाइन चढवायच्या सोयीवर) कॅटलॉगचं पान आधीच चढवलं, तर क्वेरी, म्हणजे अधिकाऱ्याची विचारणा, निघायला जागाच उरत नाही. एका क्वेरीत दोन-तीन दिवस सहज जातात. कोडबद्दलच शंका असेल तर माल मागवण्याआधी अ‍ॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे कोणता कोड लागेल याचा आगाऊ निर्णय, घ्यावं. फी १०,००० रुपये आहे आणि ही सोय मुंबईत आहे. लहान उद्योजक तिकडे फारसे फिरकत नाहीत याचं वाईट वाटतं.

वेळेचंही तसंच. जहाज ज्या दिवशी लागणार त्याच्या आदला दिवस संपायच्या आत बिल दाखल झालं पाहिजे. ३० दिवस आधीपर्यंत भरता येतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. पुरवठादार कागद उशिरा पाठवतो, ही नेहमीची अडचण. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीच्या माल-पावतीचा) मसुदा जहाज सुटताच ईमेलने आला पाहिजे, ही अट ऑर्डरमध्येच घालावी. मसुदा आला की तिन्हींतलं वजन आणि नगांची संख्या जुळवून बघा. बिल ऑफ लेडिंगवर ४२० कार्टन आणि पॅकिंग लिस्टवर ४०२ असले, तर जहाज यायच्या आधी दुरुस्ती एका ईमेलवर होते. नंतर त्यासाठी अर्ज आणि शुल्क लागतं, आणि अधिकाऱ्याच्या मनात संशय येतो तो वेगळाच.

आता भाव कमी दाखवण्याबद्दल. "सगळेच करतात" म्हणून गळ्यात मारला जाणारा हा सल्ला आहे, तेव्हा हिशेबच मांडू. माल १० लाखांचा, बेसिक ड्यूटी समजा ७.५ टक्के: ७५,०००. तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार: ७,५००. मग १०,८२,५०० वर १८ टक्के आयजीएसटी: १,९४,८५०. एकूण २,७७,३५०. आता इन्व्हॉइसवर ६ लाख दाखवले तर ड्यूटी १,६६,४१०, म्हणजे वरवर १,१०,९४० वाचले. पण आयजीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या जीएसटीतून वजावट, तुम्हाला मिळणारच होतं. खऱ्या अर्थाने वाचले ३३,०००. पुढे माल बिनबिलाचा विकणाऱ्यालाच बाकीचा फायदा, आणि तो थेट करचोरीचा आहे. शिवाय उरलेले ४ लाख बँकेतून पाठवता येत नाहीत, कारण बँक पाठवलेली रक्कम बिल ऑफ एंट्रीशी जुळवते. मग हवाला, आणि परकीय चलन कायद्याचं वेगळं प्रकरण. त्याच प्रकारच्या मालाचे इतरांचे भाव कस्टम्सकडे असतात. मुद्दाम केलेली लबाडी पाच वर्षं मागे जाऊन उकरता येते. तेव्हा बुडवलेली ड्यूटी, व्याज, ड्यूटीएवढाच दंड, आणि माल जप्त झाला तर तो सोडवायला वेगळा दंड. ३३,००० साठी!

तस्करीतलं सर्वांत जवळचं उदाहरण सुपारीचं. तिच्यावर बेसिक ड्यूटी १०० टक्के, अधिभार धरून ११०. वर फेब्रुवारी २०२३ पासून किलोला ३५१ रुपयांची किमान आयात किंमत. त्याखालची आयात बंद. म्हणून ती दुसऱ्याच मालाच्या नावाने आणली जाते, किंवा सवलतीचा करार असलेल्या देशाचा खोटा मूळ-दाखला जोडून येते. अशी चोरटी सुपारी बाजारात शिरली की श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवाल्याचा भाव पडतो. मूळ-दाखल्याची जबाबदारी २१ सप्टेंबर २०२० पासून आयातदारावरही आहे. माल त्या देशात कसा तयार झाला याची माहिती तुमच्या फाइलमध्ये हवी, नुसता दाखला पुरत नाही. प्रामाणिक लोकही इथे अडकतात, कारण पुरवठादाराला हे कुणी विचारलेलंच नसतं.

सीएफएसमध्ये तपासणी होते ती अशी. दारावरच्या बोल्ट सीलचा नंबर कागदाशी ताडतात, मगच कटरने सील तोडतात. दार उघडलं की पहिल्या दोन-तीन रांगा जाहीर केलेल्या मालाच्याच असणार. लपवणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणून संशय असेल तर माल शेवटच्या भिंतीपर्यंत उतरवतात. चाळीस फुटी कंटेनर आतून साधारण १२ मीटर लांब. स्कॅनरच्या चित्रात एकसारखा माल एकसारख्या पोताचा दिसतो आणि मध्येच घनता बदललेला पट्टा उठून दिसतो. फळांच्या पेट्यांत हे काम अवघड होतं. २०२२ च्या सप्टेंबरअखेर वाशीत आयात संत्र्यांच्या ट्रकमध्ये डीआरआयला (महसूल गुप्तचर संचालनालयाला) १९८ किलो मेथॅम्फेटामाइन हा अमली पदार्थ आणि ९ किलो कोकेन सापडलं. पुढच्याच आठवड्यात न्हावा शेव्याला हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून सुमारे ५० किलो कोकेन निघालं. त्यानंतर फळांच्या मालाची छाननी कडक झाली तर त्याचं दुःख करू नये.

निर्यातदारांनी मात्र रस्त्यावर लक्ष ठेवावं. कारखान्यात भरून ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावलेला कंटेनर वाटेत एखाद्या गोदामात वळवायचा, सील तसंच ठेवून दाराच्या कडीचे रिव्हेट काढायचे, आतला माल बदलून रक्तचंदनाचे ओंडके भरायचे, ही जुनी पद्धत आहे. आंध्रच्या शेषाचलम डोंगरातलं हे लाकूड निर्यातीला बंद आहे. कंटेनर पकडला गेला की शिपिंग बिलावर (निर्यातीच्या विवरणावर) नाव तुमचं असतं.

रिकामा कंटेनर भरायला आला की आधी दाराचे रिव्हेट, बिजागऱ्या आणि मागची भिंत हाताने चाचपून बघा. ताजा रंग किंवा नवी वेल्डिंग दिसली तर कंटेनर परत पाठवा. भरून झाल्यावर सील, कडी आणि चारही रिव्हेट यांचे जवळून फोटो काढा, फोटोत वेळ दिसली पाहिजे. ट्रकचा जीपीएस माग मागून घ्या आणि ठाण्याहून किंवा रबाळ्याहून बंदरापर्यंत लागणारा नेहमीचा वेळ लिहून ठेवा. मुंब्रा बायपासला कोंडी असेल तर एक-दोन तास इकडेतिकडे होतात, ते चालतं. पण गाडी कळंबोलीच्या पुढे चार तास एकाच जागी उभी दिसली, तर ड्रायव्हरला आणि सीएचएला लगेच फोन करा. खुलासा पटला नाही तर कंटेनर गेटच्या आत जाण्याआधीच कस्टम्सला लेखी कळवा.