उन्हाळ्यात बाहेर बसून गोधडी शिवायला घेतली त्याची गोष्ट

घरात बसून शिवायचा इतका कंटाळा आला होता की एका सकाळी सरळ मशीनच उचललं आणि बाहेर झाडाखाली नेऊन ठेवलं. एक्स्टेन्शन वायर ओढली, फोल्डिंगचं टेबल लावलं, कापडाचे तुकडे मांडले, इस्त्रीसुद्धा नेली (इस्त्री! त्या उकाड्यात! असो). डोक्यात चित्र भारी होतं. झालं काय, तर टेबल डुगडुगायला लागलं, पाव इंचाची शिलाई कुठे पाव तर कुठे जवळजवळ अर्धा इंच, आणि अडीच इंचाचे चौकोन रंगांप्रमाणे लावून ठेवलेले ते एकाच झुळकीत गवतभर झाले, मग अर्धा तास मी ते वेचत बसले. त्यात बॉबिनपाशी (खालच्या दोऱ्याच्या रिळापाशी) धूळ जाऊन दोरा अडकायला लागला. दोन तासांत सगळं सामान परत आत.

दोन दिवस रुसून बसले आणि मग ठरवलं की मशीन, कापाकापी, इस्त्री आणि गोधडीचे तिन्ही थर (वरचं कापड, मधला भर, खालचं अस्तर) अंथरून पिना लावणं हे सगळं आत, तेही सकाळी लवकर. बाहेर न्यायचं ते फक्त मांडीवर मावेल एवढं हाताचं काम. म्हणून षटकोन घेतले. एक इंच बाजूचे जाड कागदाचे षटकोन कापायचे, कापड सहाही बाजूंनी पाव इंच जास्त ठेवायचं, ते कागदावर दुमडून कच्चा टाका घालायचा. मग दोन षटकोन सुलट बाजू आत घेऊन समोरासमोर धरायचे आणि काठावरून बारीक बारीक टाके, सुई कागदातून न घालता कापडाचे फक्त दोन-तीन धागे उचलत. मधे एक, भोवती सहा, सात झाले की फूल तयार. कागद काढायची घाई मात्र करायची नाही, षटकोनाच्या सगळ्या बाजू जोडल्या गेल्या की मगच काढायचा, नाहीतर कड वेडीवाकडी होते (पहिली तीन फुलं बघा माझी, नको, बघू नका). सगळं एका झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात मावतं, वारा आला तर झाकण लावलं की झालं.

झाडाची सावली फोटोत छान दिसते पण शिवायला त्रास, कारण पानांतून येणारे कवडसे कापडावर हलत राहतात आणि थोड्या वेळाने डोळे दुखतात. घराच्या भिंतीची सलग सावली त्यापेक्षा कितीतरी बरी. आणि त्या उजेडात रंग जे दिसतात ना! रात्री दिव्याखाली जे दोन निळे मला सारखे वाटले होते त्यातला एक चक्क हिरवट निघाला. तेव्हापासून दोऱ्याचा रंगसुद्धा मी बाहेर नेऊनच ठरवते.

घाम ही वेगळीच कटकट. बोटं ओलसर झाली की सुई कापडातून सरकतच नाही, धातूचं अंगुस्तान (बोटावर घालायची टोपी) निसटतं. टाल्कम पावडर थोडीशी लावली की काम चालतं, पण गडद कापडावर तिचे पांढरे ठसे उठतात म्हणून आधी हात झटकायचे. एकदा घामट हाताने सुई क्रीम रंगाच्या तुकड्यात तशीच खोचून ठेवली, दोन दिवसांनी बघते तर तिथे गंजाचा ठिपका. धुऊन गेला नाही, तुकडा फेकला. आता उठताना सुई कापडात ठेवायचीच नाही, पिनकुशनमध्ये परत. तीही दोरा ओवलेलीच, म्हणजे गवतात पडली तर दोऱ्यावरून सापडते. खाली जुनी चादर अंथरते आणि जाताना लोहचुंबक फिरवते, अनवाणी फिरणारे लोक आहेत घरात.

सगळ्यात जास्त जिवाला लागलं ते गडद निळं कापड. घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि आठवडाभर विसरले. सावली सरकते हे माहीत असून. उलगडलं तर घडीच्या कडेवर लांबच लांब फिकट पट्टा. उन्हाने रंग विटतो हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण एवढ्या लवकर आणि एवढी सरळ रेघ! त्या पट्ट्याचे षटकोन मुद्दाम वेगळे कापले आणि दोन फुलांच्या मधे लावले, आता ते ठरवून केल्यासारखे दिसतात.

खुणांच्या पेनचंही एक. आपोआप उडणाऱ्या जांभळ्या शाईच्या खुणा दमट हवेत बघता बघता जातात, त्यामुळे टाक्यांच्या रेघा आधीच सगळीकडे आखून ठेवायचा शहाणपणा करू नका, लागेल तेवढंच आखायचं.

सध्या एक्केचाळीस फुलं झालीत. बाकीची सगळी जोडायला घ्यायला हवी पण जोडली की ते मोठं होणार आणि मांडीवर घेतलं की उकडणार, म्हणजे परत आत जाऊन बसणं आलं. त्यामुळे मी आपली फुलंच करतेय. डबा भरलाय, दुसरा शोधतेय.