उंच गाडी शहरात, बुटकी महामार्गावर

रविवार, रात्री

गेले पाच आठवडे या वहीच्या मागच्या पानांवर मी एक वेगळाच हिशेब मांडत आलो आहे. गाडी घरातून कधी निघाली, आत किती माणसे होती, किती किलोमीटर झाले आणि डिकीत काय होते, एवढ्याच त्या नोंदी आहेत. दारात अजून जुनी पेट्रोलचीच गाडी उभी आहे; नोंदी मात्र पुढच्या गाडीसाठी आहेत. ती विजेवरची असणार हे ठरून बराच काळ लोटला, घोडे अडले आहे ते आकारावर. बुटकी सेडान घ्यावी की उंच एसयूव्ही, या प्रश्नावर घरात एवढ्या वेळा बोलून झाले आहे, की आता कोणी विषय काढला तरी बाकीचे उठून जातात.

माझा कल सेडानकडे आहे, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे आकडे वाचताना तो मला स्वतःलाच वजा करता येईल. रस्त्याला लगटून बसण्यात, वळणावर गाडी न झुकता वळते त्यात मला सुख वाटते आणि त्या सुखाला कोणतेही शास्त्रीय कारण जोडण्याची माझी इच्छा नाही.

शास्त्रीय कारण तसे भक्कम आहे, ही गोष्ट वेगळी. गाडीपुढचा हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना जेवढी हवा ढकलावी लागते, त्याच्या साडेसात पट जोर ११० वर लागतो. या अडथळ्यात दोन गोष्टी येतात. समोरून पाहिल्यावर गाडी किती जागा व्यापते ही एक, आणि तिचा आकार हवेला किती सहज वाट करून देतो, म्हणजे तिचा ड्रॅग गुणांक (जितका कमी, तितका चांगला), ही दुसरी. उंच गाडी बहुधा दोन्हींत मागे पडते. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, त्यामुळे आकाराचा दोष त्या मोठ्या उधळपट्टीत झाकून जातो. विजेची मोटर मात्र इतकी काटकसरी, की हवा जे घेऊन जाते ते लगेच डोळ्यांत भरते. शिवाय जड गाडीला वेग देण्यात गेलेली ऊर्जा ब्रेक लावताना थोडीफार बॅटरीत परत येते. हवेला दिलेली ऊर्जा कधीच परत येत नाही.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला ह्युंदाईच्या दोन गाड्यांत सापडले. २०२१ ची आयोनिक ५ ही उंच, एसयूव्हीच्या वळणाची, आणि २०२२ ची आयोनिक ६ ही सेडान. दोघींचा पाया एकच आणि बॅटरीही तीच, ७७.४ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या विजेच्या मीटरच्या भाषेत ७७.४ युनिटांची. पहिलीचा ड्रॅग गुणांक ०.२८८, दुसरीचा ०.२१. उंचीतला फरक फक्त ११ सेंटीमीटरांचा. एवढ्यावर अमेरिकेतल्या अधिकृत चाचणीत मागच्या चाकांवर चालणाऱ्या सेडानला एका चार्जमध्ये ५८१ किलोमीटर मिळाले आणि तिच्या उंच बहिणीला ४८८. एकाच पोटातून आलेल्या दोघींत ९३ किलोमीटरांचे अंतर! हे वाचले त्या रात्री माझा निकाल लागल्यातच जमा होता.

पण त्याच तक्त्यात एक ओळ खाली जे होते, ते पाहून मी ताठ बसलो. तीच आयोनिक ६, तीच बॅटरी, तीच मोटर, फक्त १८ इंचांऐवजी २० इंचांची चाके लावली की आकडा ४९१ वर येतो. म्हणजे आकाराने कमावलेले जवळजवळ सगळे चाकांनी घालवले. रुंद आणि जड चाके दिसायला देखणी असतात, त्यात शंका नाही. पण शोरूममध्ये उभ्या असलेल्या प्रत्येक वरच्या श्रेणीच्या गाडीला तीच का लावलेली असतात आणि रेंजचा मोठा आकडा मात्र खालच्या श्रेणीचा का सांगितला जातो, हे विचारावेसे वाटते. मी विचारलेही. समोरच्या तरुणाने हसून पाण्याचा पेला पुढे केला.

मंगळवार

दोन्ही गाड्या चालवून झाल्या. कोणत्या कंपनीच्या, ते लिहीत नाही. दोघींच्या बॅटऱ्या साधारण ६० युनिटांच्या होत्या, तेवढे पुरे. मार्ग एकच ठेवला, वेळही शक्य तितकी तीच, आणि पडद्यावर दिसणारा खर्च उतरवून घेतला. शहरातल्या रहदारीत सेडानने १०० किलोमीटरला १२.५ युनिटे घेतली आणि एसयूव्हीने १४. महामार्गावर मात्र सेडान १५.८ वर थांबली आणि एसयूव्ही २०.१ वर गेली. एका दिवसाच्या फेरीवरून सिद्धांत मांडू नये हे मला मान्य आहे, परंतु आकड्यांची दिशा पुस्तकातल्यासारखीच निघाली: सिग्नलच्या गर्दीत दोघींत फारसे अंतर नाही, मोकळ्या रस्त्यावर मात्र ते दिसू लागते.

हे मी बहिणीकडे जाण्याच्या रस्त्याला लावून पाहिले. ३३० किलोमीटरांचा प्रवास आहे, जाऊन-येऊन वर्षातून सहा वेळा घडतो. पूर्ण भरून निघायचे आणि १० टक्के शिल्लक राखायचे ठरवले, तर हाताशी ५४ युनिटे उरतात. त्यांत सेडान ३४० किलोमीटर जाते, म्हणजे मध्ये न थांबता पोहोचते, जरी शेवटचा टप्पा थोडा जीव मुठीत धरून गाठावा लागेल. एसयूव्हीला २६८ वरच आधार शोधावा लागेल; उरलेल्या वाटेसाठी सुमारे साडेबारा युनिटे हवीत, आणि ५० किलोवॅटच्या चार्जरवर ती पंधरा मिनिटांत भरतात. पोहोचल्यावर बहिणीकडच्या साध्या सॉकेटवर, तीन किलोवॅटने, रात्रीच्या दहा तासांत ३० युनिटे मिळतील. सेडान तेवढ्यात १९० किलोमीटरांची धनी होते, एसयूव्ही दीडशेच्या आत राहते. कमी खाणारी गाडी त्याच तारेतून जलद भरते, हा सेडानचा गुण मला वाटते त्याहून फार कमी सांगितला जातो.

आता हाच हिशेब उलटा करून पाहू. वर्षभरात बारा वेळा पंधरा मिनिटे, म्हणजे तीन तास. त्यात चार्जरपाशी रांग लागली तर आणखी तेवढेच धरू. पण साडेतीन-चार तास गाडी चालवताना आम्ही एकदा थांबतोच, पाय मोकळे करायला म्हणून का होईना. मग जी गोष्ट मला सेडानच्या पारड्यातला सर्वांत जड दगड वाटत होती, ती वर्षाकाठी अर्ध्या दिवसाची निघाली. हे लिहिताना मला आनंद होत नाही, हे येथे नमूद करतो.

बुधवार

आज वहीची मागची पाने एकत्र केली. पस्तीस दिवसांपैकी एकतीस दिवस गाडी बाहेर पडली. त्यांतले १०० किलोमीटरांपलीकडचे दिवस दोन. चोवीस दिवस गाडीत मी एकटा किंवा आम्ही दोघेच. डिकी काठोकाठ भरल्याची नोंद एकदाच आहे, तीही मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी नेलेल्या पुठ्ठ्यांची. सेडानच्या डिकीचे तोंड लहान असल्याने ते वाकवावे लागले असते, एवढीच त्याची दखल. आणि अकरा दिवस मागच्या आसनावर आई होती.

अकरा दिवस म्हणजे जाताना एकदा चढणे-उतरणे आणि येताना एकदा, असे चव्वेचाळीस वेळा. महामार्गाच्या दोन दिवसांसमोर हे चव्वेचाळीस वेळांचे वाकणे मी एकाच पानावर लिहिले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. एसयूव्ही म्हटली की जाहिरातीत डोंगर, धूळ आणि क्षितिज दाखवतात, आणि सेडान दाखवतात ती उंच इमारतींसमोर, रात्रीच्या दिव्यांत. माझी वही याच्या बरोबर उलटे सांगते. उंच गाडीचा तोटा मोकळ्या रस्त्यावर होतो आणि फायदा गल्लीत, दवाखान्याच्या दाराशी, पदपथाच्या कडेला, दिवसातून चार वेळा होतो. बुटकी गाडी खरी प्रवासाची. आणि आम्ही, अहंकार बाजूला ठेवून सांगायचे तर, प्रवासी नाही.

विजेच्या सेडानमध्ये एक अडचण पेट्रोलच्या सेडानपेक्षा जास्त आहे. बॅटरी तळाशी पसरलेली असते, त्यामुळे गाडीतली पायांखालची जमीन वर येते. छत वर नेले तर हवेची सगळी कमाई जाते, म्हणून ते तिथेच ठेवतात. मग आसन त्या जमिनीच्या जवळ येते, गुडघे वर उचलले जातात आणि मांड्यांना आधार उरत नाही. पोर्शने टायकनमध्ये मागच्या प्रवाशांच्या पायांसाठी बॅटरीतच खळगे सोडले आहेत. इतर बऱ्याच सेडानमध्ये ते नसतात. एसयूव्हीत छत मुळातच वर असल्याने आसनही बॅटरीबरोबर वर चढते आणि पाय खुर्चीत बसल्यासारखे खाली सोडता येतात. मी मागे बसून हे तपासले होते खरे, पण पाच मिनिटेच, आणि माझे गुडघे पन्नाशीचे आहेत.

शनिवार

आईला दोन्ही शोरूमांत घेऊन गेलो. तिला कशासाठी ते सांगितले नव्हते, नाहीतर तिने माझ्या मनातले ओळखून सेडानच चांगली म्हटले असते.

सेडानमध्ये ती आधी टेकली, मग डोके वाचवण्यासाठी मान वाकवून आत सरकली, आणि मग एकेक पाय गुडघ्याखाली हात घालून आत घेतला. दहा मिनिटे बसल्यावर उतरण्याची वेळ आली तेव्हा तिने पुढच्या आसनाची पाठ दोन्ही हातांनी धरली, एकदा उठण्याचा प्रयत्न केला, थांबली, जरा पुढे सरकली आणि दुसऱ्या प्रयत्नात उभी राहिली. मी हात पुढे केला होता. तिने तो पाहिला आणि घेतला नाही. खिशातली टेप काढून मी आसनाची कड मोजली: जमिनीपासून ४७ सेंटीमीटर. घरातली तिची खुर्ची, उशी धरून, ५२ भरते आणि त्या खुर्चीतून ती आधाराविना उठते.

एसयूव्हीची कड ६३ भरली. तिच्या दाराशी आई पाठमोरी उभी राहिली, मागे टेकली आणि कमरेतून वळून पाय आत घेतले. वळताना उजवी टाच दाराच्या चौकटीला घासली आणि साडीच्या काठाला धूळ लागली. ती चौकट रुंद आहे, हे मी लिहून घेतले. उतरताना ती फक्त पुढे सरकली आणि पाय जमिनीला लागले. मग साडी झटकत म्हणाली, "यातून उतरताना कोणाची वाट बघावी लागत नाही."

परतताना मला ताशी ११० चा वेग, तिपटीने जास्त वाटणारे वळणाचे सुख आणि ते ९३ किलोमीटर आठवत होते. उंच गाडीत बॅटरी तळाशी असल्याने ती पूर्वीच्या एसयूव्हींइतकी डोलत नाही, हे चालवताना जाणवले होते. तरी ते सुख ते नव्हेच. माझ्या पत्नीने हे चेहऱ्यावरून ओळखले असावे, कारण तिने मध्येच विचारले, "मग सेडान माझ्यासाठी घ्यायची होती, की तुझ्यासाठी?" मी खिडकीबाहेर पाहिले.

संध्याकाळी नोंदणीचा अर्ज भरला. एसयूव्ही, मागच्या चाकांवर चालणारी, काचेच्या छताशिवाय. चाकांच्या रकान्यात प्रतिनिधीने स्वतःहूनच मोठ्या आकाराची खूण करून ठेवली होती. "दिसायला भारदस्त वाटतात," असे त्याने सांगितले. मी ती खूण खोडली, शेजारच्या सर्वांत लहान आकारावर केली आणि खोडलेल्या जागी सही केली.