उणे तिसात भूक लागते तेव्हा

सास्काटूनमधल्या आमच्या पहिल्या जानेवारीत एका संध्याकाळी आम्ही बाहेर जेवायला निघालो, तेव्हा बाहेर उणे बत्तीस तापमान होते आणि निघण्याची तयारी करण्यातच अर्धा तास गेला होता. थर्मल, स्वेटर, जाकीट, टोपी, हातमोजे आणि बूट असा सगळा सरंजाम चढवून, इंजिन गोठू नये म्हणून घराच्या वायरीला जोडून ठेवलेली गाडी सोडवून आम्ही त्या उपाहारगृहापर्यंत पोचलो. खिडकीत 'ओपन' ही लाल अक्षरे जळत होती, मात्र आत एक मुलगी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती. स्वयंपाकघर बंद झाले, असे तिने फार हळहळून सांगितले. घड्याळात साडेआठ वाजले होते. मिरजेत साडेआठला आमच्या घरी जेवायला बाहेर जायचे की नाही यावर नुकती कुठे चर्चा सुरू होत असे. त्या रात्री पेट्रोल पंपावर मिळालेले गार सँडविच आम्ही गाडीत बसून, हीटर चालू ठेवून खाल्ले.

सास्काटून हे कॅनडाच्या गवताळ मैदानी प्रदेशातल्या सास्काचेवान प्रांतातले, साउथ सास्काचेवान नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले शहर आहे. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २ लाख ६६ हजार भरली. भारतीय मापाने हे तालुक्याच्या गावापेक्षा थोडे मोठे प्रकरण म्हणता येईल. पण येथून रिजायना अडीचशे किलोमीटर, एडमंटन पाचशे आणि कॅलगरी सहाशे किलोमीटर दूर असल्यामुळे आपल्या गावात मिळत नाही ते शेजारच्या गावात जाऊन खावे, ही सोय नाही. जे आहे ते येथेच, आणि ते शोधायचेही आपणच. एट्थ स्ट्रीट नावाच्या लांबलचक रस्त्यावर साखळी दुकानांच्या पाट्या ओळीने उभ्या आहेत, नवा माणूस तेथेच जातो, आणि तेथील जेवण वाईट नसते. इतकेच, की ते कॅनडातल्या कोणत्याही शहरात तसेच मिळते.

मला अडचण झाली ती वेगळीच. चांगले खाणे ओळखण्याच्या ज्या खुणा मी मिरजेत लहानपणापासून शिकलो होतो, त्या येथे एकाएकी निरुपयोगी ठरल्या. आपल्याकडे नाक पुढे असते आणि माणूस मागून चालतो. फोडणीचा वास कोपऱ्यावरच कळतो, दाराशी उभी असलेली गर्दी दिसते, हात धुण्याच्या जागेपाशी बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे वाचता येतात. येथे हिवाळ्यात दोन दारे एकामागे एक बंद, खिडक्यांवर बर्फाची जाळी, आणि बाहेर श्वास घ्यावा तर नाकातले केस कडक होतात. वास यायचा कुठून? गर्दीही दिसत नाही, कारण रांग लावून रस्त्यावर उभे राहणे हे त्या थंडीत जिवावरचे काम आहे. सगळे शहर गाडीतून उतरते आणि पाच पावलांत दाराआड होते.

म्हणून नव्या खुणा शिकाव्या लागल्या. पहिली खूण अशी की, चांगले जेवण बहुधा देखण्या इमारतीत नसते. ते टायरच्या दुकानाला आणि कपडे धुण्याच्या यंत्रांच्या दुकानाला खेटून असलेल्या बैठ्या चाळीवजा गाळ्यात असते, कारण नव्याने आलेल्या कुटुंबाला तेथलेच भाडे परवडते. दुसरी खूण वाहनतळावर वाचायची असते: सकाळी साडेअकराला जेथे प्लंबर आणि विजेचे काम करणाऱ्यांच्या शिड्या लादलेल्या गाड्या उभ्या असतात, तेथे ताट भरलेले आणि दर वाजवी असतो. तिसरी खूण मला इस्पितळातल्या एका फिलिपिनो परिचारिकेकडून मिळाली. तिने सांगितले, की चांगले हॉटेल कोणते असे विचारू नका, तुम्ही स्वतः कुठे जेवता असे विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक पाहुण्यांना सांगायचे नाव सांगतात. दुसऱ्याला खरे उत्तर मिळते. त्यातही येथील माणसाचे बोलणे तोलून घ्यावे लागते. या मैदानावरचा शेतकरी कोणत्याही गोष्टीला उत्तम म्हणत नाही. 'नॉट टू बॅड' ही त्याची सर्वोच्च पदवी आहे, आणि ती ऐकली की मी पत्ता लिहून घेतो.

या प्रदेशातल्या खाण्याचा इतिहासही असाच पाट्यांआड दडलेला आहे. आसपासच्या कोणत्याही छोट्या गावात गेलात तर रेल्वे फाटकाजवळ एखादा चिनी कॅफे अजून सापडतो, आणि त्याच्या मेन्यूत डाव्या पानावर चॉप सुई तर उजव्या पानावर बर्गर आणि 'पाय', म्हणजे गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, असतो. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे १८८५ मध्ये पूर्ण झाल्यावर काम संपलेले चिनी मजूर पूर्वेकडे सरकत गेले, आणि दुसरे धंदे त्यांना खुले नव्हते म्हणून त्यांनी भटारखाना आणि धोबीकाम धरले. सास्काचेवानने १९१२ मध्ये चिनी मालकाने गोरी स्त्री नोकरीस ठेवू नये असा कायदा केला. मूस जॉ गावातल्या क्वाँग विंग नावाच्या उपाहारगृह-मालकाने त्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला आणि १९१४ मध्ये तो हरला. पुढे १९२३ ते १९४७ या काळात चिनी लोकांचे येणेच जवळपास बंद होते, त्यामुळे कित्येकांच्या बायका-मुले समुद्रापलीकडेच राहिली. ज्या गावाने आपल्याला नीट बसूही दिले नाही, त्या गावाला तीन वेळा जेवू घालण्याचे काम या माणसांनी केले. त्या कॅफेतला घट्ट, गोडसर सॉस खाद्यरसिकांना अस्सल वाटत नाही; मला मात्र तो अगदी अस्सल वाटतो, कारण तो याच मातीवर, याच गिऱ्हाइकाकडे बघून घडलेला आहे.

युक्रेनी लोकांचे तसे नाही. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शेतजमिनीच्या ओढीने येथे आले, आणि आज त्यांचे पदार्थ म्हणजेच या प्रदेशाचे घरचे जेवण झाले आहे. सास्काटूनमध्ये 'बाबाज होमस्टाइल पेरोगीज' नावाचे एक ठिकाण आहे, जेथे गाडीतून न उतरता खिडकीतून सारण भरलेल्या पेरोगी मिळतात. पाटी प्रथम वाचली तेव्हा कोणा वडिलांच्या हातची चव असेल असे वाटले होते. युक्रेनी भाषेत बाबा म्हणजे आजी, हे नंतर कळले, आणि मग पाटीवरचा विश्वास एकदम वाढला.

पेरोगी करताना मी प्रथम पाहिल्या त्या एका चर्चच्या तळघरात. लांब टेबलाभोवती दहा-बारा आज्या बसल्या होत्या आणि मैद्याच्या गोल पारीत उकडलेल्या बटाट्याचे व चीजचे सारण भरून, पारी दुमडून, कडा चिमटीत दाबत होत्या. ते पाहून माझ्या पत्नीचे हात शिवशिवले. तिने एकीला करंजीची मुरड घालून दाखवली. त्या बाईंनी ती पेरोगी हातात फिरवून नीट न्याहाळली, शेजारणीला दाखवली आणि अगदी गंभीरपणे सांगितले, की दिसते सुंदर, पण उकळत्या पाण्यात हा जाड काठ कच्चा राहील. त्यांचे खरे होते. करंजी तळायची असते, पेरोगी आधी उकडतात आणि मगच लोण्यात कांद्याबरोबर परततात. मुरडीची ती एकच पेरोगी त्यांनी तरीही वेगळ्या वाटीत काढून आम्हालाच खायला दिली. काठ कच्चा राहिला होता.

याच तळघरांमध्ये आणि गावोगावच्या सभागृहांत शरद ऋतूत जे सामुदायिक जेवण होते, त्याला येथे फाउल सपर (फाउल म्हणजे कोंबडी-टर्कीसारखे पक्षी) म्हणतात, आणि माझ्या मते या शहराच्या परिसरातले सर्वांत चांगले उपाहारगृह तेच आहे, जरी त्याला पाटी, मेन्यू आणि पत्ता यांपैकी काहीही नसले तरी. सुगी आटोपली की ऑक्टोबरच्या सुमारास एखाद्या रविवारी गावातली घरे एकेक पदार्थ करून आणतात: टर्की, कुस्करलेला बटाटा, ग्रेव्ही, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, आणि शेवटी 'पाय' मांडलेले एक संपूर्ण लांबलचक टेबल. त्यात सास्काटून बेरीचा पाय असतो. क्री या येथील मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या ज्या शब्दावरून शहराला नाव पडले, तेच हे फळ. जांभळाच्या रंगाचे, करवंदाहून लहान आणि चघळल्यावर बदामाचा पुसट वास देणारे. आपल्याकडच्या पंगतीसारखा आग्रह येथे नसतो, परंतु ताटात 'पाय' कमी दिसला तर वाढणारी बाई नुसती थांबते आणि बघत राहते. परिणाम तोच होतो.

एक खंत मात्र राहतेच. जगात सर्वाधिक मसूर निर्यात करणारा देश कॅनडा, आणि त्यातला बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो. येथील विद्यापीठात १९७१ साली क्रॉप डेव्हलपमेंट सेंटर हे पीक-संशोधन केंद्र स्थापन झाले, तेथे अल स्लिंकार्ड या संशोधकांनी १९७८ मध्ये मसुराचे 'लेर्ड' हे वाण दिले, आणि एकेकाळी गव्हाखेरीज दुसरे फारसे न पेरणारी ही शेते हळूहळू डाळींकडे वळली. हा मसूर भारतातही जातो. मी ज्या भागातून आलो त्या इस्लामपूर-कऱ्हाडच्या रस्त्यावर अख्खा मसूर आणि रोटी यांसाठी लोक वाट वाकडी करून ढाब्यावर थांबतात. आणि येथे, मसुराच्या शेतांनी वेढलेल्या शहरात, मेन्यू वरून खाली वाचला तरी मसूर क्वचितच दिसतो. शेवटी आमचे आम्हीच तो घरी करतो, आणि शेजारच्या शेतकरी गृहस्थांना, ज्यांनी आयुष्यभर तो पेरला, तो पहिल्यांदा तिखट रश्श्यात आम्हीच वाढला. त्यांनी दोनदा घेतला. अभिप्राय अर्थातच 'नॉट टू बॅड'.

पुण्यामुंबईत एखादे ठिकाण सापडले की काम संपते, कारण आपण गेलो नाही तरी दुसरे शंभर जण जातात. येथे तसे नाही. बिलावर पाच टक्के केंद्राचा आणि सहा टक्के प्रांताचा कर लागतो (प्रांताचा हा कर जेवणावर २०१७ पासून आला), वर टिप द्यावी लागते, त्यामुळे माणूस बाहेर जेवण्याआधी दोनदा विचार करतो. त्यात जानेवारी-फेब्रुवारीत गारठा वाढला की वीस-पंचवीस नेहमीचे लोक न फिरकल्यानेही एखादे छोटे दुकान मोडकळीस येते. इडली बरी करणारे एक दुकान आम्ही असेच गमावले. 'जाऊ कधीतरी' असे म्हणत आम्ही दोन महिने गेलो नाही, आणि गेलो तेव्हा काचेवर भाड्याने देण्याची पाटी होती. तेव्हापासून वीसाव्या रस्त्याजवळच्या एका व्हिएतनामी खाणावळीत आम्ही फेब्रुवारीतल्या मंगळवारी मुद्दाम जातो, भूक असो वा नसो.

मागच्या खेपेला तेथे आमच्याशिवाय फक्त एकच टेबल भरलेले होते. घडीची रेघ अजून न मोडलेली नवी कोरी जाकिटे खुर्चीवर टाकून एक तरुण जोडपे फोच्या, म्हणजे नूडल्सच्या गरम सूपच्या, वाडग्यावर वाकून हात शेकत होते. आमचे मराठी त्यांच्या कानावर पडले असावे, कारण निघताना मुलगा थबकला आणि नागपुरी हेलात म्हणाला, "काका, इथं अजून कुठं चांगलं भेटते जी?" मी खिशातून कागद काढला, सहा नावे लिहिली, आणि प्रत्येक नावापुढे ते स्वयंपाकघर किती वाजता बंद होते तेही लिहून दिले.