केळीवही : प्रॉमिसमधलं ट्रान्झॅक्शन का मरत होतं, सापडलं

केळीवही म्हणजे केळीच्या घडांची वजनं टिपायला मी लिहीत असलेलं ब्राउझरमधलं अ‍ॅप. मागच्या नोंदीतलं रडगाणं आठवत असेल. घडाचं वजन टाकून ‘सेव्ह’ दाबलं की घरी दरवेळी नोंद पडायची आणि यावलकडच्या कांदेबागेत (हिवाळ्याआधी लावलेली केळीबाग) हमखास ‘ट्रान्झॅक्शन इनॅक्टिव्ह एरर’, म्हणजे डेटाबेसचा व्यवहार आधीच बंद झाल्याची चूक. शेवटी चोर सापडला.

आधी केबलचं सांगतो. फोन लॅपटॉपला जोडून बागेतच कन्सोल (ब्राउझरचा लॉग दाखवणारी खिडकी) बघायचा होता, पण भुसावळहून आणलेली केबल नुसती चार्जिंग करते, डेटा नेतच नाही. ‘फास्ट’ लिहिलेल्या स्वस्त केबलींवर माझा आता काडीचा भरवसा नाही. चुलतभावाची जुनी केबल लावली तेव्हा कुठे लॉग दिसला.

कोडचा क्रम असा : इंडेक्स्डडीबीतून (ब्राउझरमधला डेटाबेस) शेवटचा घड क्रमांक वाचायचा, लोकेशन घ्यायचं, मग नवी नोंद ‘पुट’ करायची, म्हणजे लिहायची. तिन्ही कॉलबॅकवाले (काम झालं की आपण दिलेलं फंक्शन बोलावणारे), तिघांना प्रॉमिसमध्ये (नंतर येणाऱ्या उत्तराची हमी) गुंडाळून ओळीने ‘अवेट’ (उत्तर येईतो थांब) लावलेलं. दिसायला देखणं. लॉगमध्ये मात्र ट्रान्झॅक्शनचं ‘ऑनकंप्लीट’ (पूर्ण झालं) आधी छापलेलं आणि ‘पुट’ची ओळ त्याच्या खाली!

म्हणजे गुंडाळणी बरोबर होती, घोळ वाट पाहण्यात होता. ट्रान्झॅक्शनकडे एकही रिक्वेस्ट उरली नाही आणि कंट्रोल इव्हेंट लूपकडे (ब्राउझरची कामांची रांग) परत गेला, की ते आपणहून कमिट (पक्कं) होऊन मोकळं होतं. त्याच डेटाबेसच्या रिक्वेस्टवर ‘अवेट’ चालतं, कारण पुढचा कोड ‘ऑनसक्सेस’नंतर लगेच मायक्रोटास्कमध्ये (चालू कामाच्या शेपटीलाच) धावतो, तोवर ट्रान्झॅक्शन जिवंत असतं. जीपीएसचं उत्तर वेगळ्या टास्कमध्ये, सेकंदांनी येतं. केळीच्या पानांखाली तर विचारूच नका.

मग घरी का चालायचं? माझा लोकेशनचा रॅपर (प्रॉमिसची गुंडाळणी) आधीचं लोकेशन ताजं असेल तर तेच परत देतो. घरी एका जागी बसून चाचणी, त्यामुळे प्रॉमिस आधीच सुटलेलं, तेही मायक्रोटास्क. हे उमगलं तेव्हा बांधावर एकटाच हसत होतो. मुकादम म्हणाला, “भो, नोंद झाली का? घड खांद्यावर हाये!”

आता लोकेशन आधी, ट्रान्झॅक्शन नंतर. शिवाय ‘सेव्ह’चं प्रॉमिस रिक्वेस्टच्या ‘ऑनसक्सेस’वर सोडत नाही, ट्रान्झॅक्शनच्या ‘ऑनकंप्लीट’वर सोडतो, ‘ऑनअबॉर्ट’ला (व्यवहार रद्द झाला तर) रिजेक्ट. रिक्वेस्ट यशस्वी होऊनही पुढे ट्रान्झॅक्शन अबॉर्ट होऊ शकतं, आणि मग वजन पडलंय असं समजून आपण रास (घडाचं सरासरी वजन) काढत बसतो. कटाईच्या सकाळी सगळ्या नोंदी सलग पडल्या. त्या हिरव्या टिकांची रांग मी उगाच दोनदा वर-खाली करून पाहिली.

‘तयार आयडीबी लायब्ररी (इंडेक्स्डडीबीला प्रॉमिसमध्ये गुंडाळणारी) वापर’ असं सुचवणाऱ्यांना : ती छोटी आणि चांगलीच आहे, पण ट्रान्झॅक्शन आपणहून कमिट होण्याचा नियम तिच्यातही टळत नाही. कॉलबॅकचं प्रॉमिस करून देणाऱ्या नोडच्या ‘युटिल.प्रॉमिसिफाय’चा इथे उपयोग नाही. त्याला आधी एरर, मग उत्तर घेणारा एकच कॉलबॅक लागतो. लोकेशन देणारं ‘गेटकरंटपोझिशन’ आधी यशाचा, मग चुकीचा असे दोन मागतं. त्याचा ‘टाइमआउट’ही परवानगी मिळाल्यावरच मोजायला लागतो, म्हणून परवानगीची खिडकी तशीच राहिली की प्रॉमिस लटकतं. त्यासाठी ‘प्रॉमिस.रेस’मध्ये (जे आधी सुटेल ते घेणारं) वेगळा टायमर टाकणार होतो.

पण हे लिहितानाच डोक्यात आलं : प्रत्येक घडाला थांबून लोकेशन विचारायचंच कशाला? बागेत शिरताना ‘वॉचपोझिशन’ (जागा बदलली की कळवत राहणारं) सुरू करून शेवटची जागा एका व्हेरिएबलमध्ये ठेवली की झालं. त्याला प्रॉमिसमध्ये गुंडाळण्यात अर्थ नाही; प्रॉमिस एकदाच सुटतं, हा कॉलबॅक परत परत येतो. साधा कॉलबॅकच बरा. म्हणजे टायमरचं काम रद्द, आणि हौसेने लिहिलेला लोकेशनचा रॅपरही बहुतेक कचऱ्यात. बॅटरी किती खाईल तेवढं मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली बाग) कटाईत बघतो. कुणी दिवसभर ‘वॉचपोझिशन’ चालू ठेवून पाहिलंय का? ‘हाय अ‍ॅक्युरसी’ (जास्त अचूक जागेची सेटिंग) बंद ठेवली तर केळीच्या ओळीओळीतला फरक कळतो का, तेही सांगा.