चालेल

महिनाभरात एक कादंबरी वाचून होते. ती ठरवायला मात्र आम्हाला कधीकधी त्याहून जास्त दिवस लागले आहेत. आम्ही सात जण, बेत साधा: महिन्यातून एकदा जमायचं, वाचलेल्या कादंबरीवर बोलायचं आणि उठण्याआधी पुढची ठरवायची. बोलणं तासाभरात आटपतं. मग कुणीतरी "पुढचं काय?" म्हणतं आणि खरी सभा सुरू होते.

सुरुवातीला वाटलं, मतदान घेतलं की मिटलं. एकदा आम्ही तिघंच आलो होतो आणि समोर कादंबऱ्याही तीनच: एक रहस्याची, एक तीन पिढ्यांच्या घराची, एक युद्धाची. मला आधी रहस्य हवं होतं, मग घर, मग युद्ध. मैत्रिणीला घर, युद्ध, रहस्य. मित्राला युद्ध, रहस्य, घर. तिन्हींना एकेक मत पडलं, म्हणून दोन-दोन पुस्तकांची झुंज लावली. रहस्याने घराला हरवलं, दोन विरुद्ध एक. घराने युद्धाला हरवलं, तेही दोन विरुद्ध एक. म्हणजे रहस्य जिंकलं, असं मी जाहीर करणार तोच मित्र म्हणाला, रहस्य आणि युद्ध राहिलंय. घेतलं मत. युद्ध जिंकलं! पुढे कळलं की हा घोळ कोंदोर्से नावाच्या फ्रेंच विद्वानाने १७८५ मध्येच मांडून ठेवलाय. प्रत्येकाचं डोकं ठिकाणावर असूनही सगळ्यांचं मिळून ठिकाणावर राहीलच असं नाही. त्या दिवशी आम्ही काहीही न ठरवता घरी गेलो.

मग आम्ही एकमताच्या नादी लागलो. ते जास्त वाईट. कारण मराठीत 'चालेल' नावाचा एक शब्द आहे. त्यात होकार असतो, पण हौस नसते. "ही घ्यायची का?" "चालेल." "तुला?" "मला काय, कुठलीही चालेल." अशा सात चालेलांवर एक कादंबरी निवडून आली. महिन्याने जमलो तेव्हा सगळ्यांच्या खुणा पन्नास-साठ पानांच्या आसपास अडकलेल्या. कुणालाच ती नकोशी नव्हती, आणि कुणालाच हवीही नव्हती. चर्चा दहा मिनिटांत संपली. तसं 'कादंबरी' हे नावच आपण बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या ग्रंथावरून घेतलंय, आणि तो त्याच्या हातून अपुरा राहिला होता, मुलाने पुरा केला. त्याला लिहून संपली नाही, आम्हाला वाचून संपत नाही, एवढं म्हणून मी वेळ मारून नेली.

आता पाळी लावली आहे. ज्याची पाळी, त्याने एकट्याने ठरवायचं. आधी कुरकुर नाही, नंतर हवी तेवढी. तीनशे पानं म्हणजे रोज दहा, तेवढी झेपतात. चारशेच्या वर गेली तर दोन महिने. बाकी नियम टिकले नाहीत.

पाळीवाल्याचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा असतो. पाहुण्यांसमोर पोराला गाणं म्हणायला लावलेल्या आईसारखा. पुस्तक त्याने लिहिलेलं नसतं, पण नावं ठेवली की लागतं त्यालाच. आमच्यातला एक जण गेली कित्येक वर्षं खुनांशिवाय काही वाचत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याने आणली एका म्हाताऱ्या शिक्षकाची बारीकशी कादंबरी. स्वतःचीच जुनी प्रत, कडा पिवळ्या पडलेल्या. ती हातोहात फिरत असताना मला एका समासात पेन्सिलीने लिहिलेला शब्द दिसला: 'हो'. नुसताच. शेजारच्या ओळीत शिक्षक रिकाम्या वर्गात हजेरी घेत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात पुढे करून पुस्तक घेतलं आणि म्हणाला, "शेवट जरा लांबलाय, नाही?"

पुढची पाळी माझी. उशाशी तीन पुस्तकं काढून ठेवली आहेत, तिन्ही चांगली, तिन्ही कुणालाही चालतील अशी. चौथं मी कपाटात मागच्या रांगेत सरकवलंय. त्याच्या समासात मी काय काय लिहून ठेवलंय ते आधी एकदा बघायला हवं.