नमुना, आणून दिला तसा

"एथिक्समध्ये एमए? म्हणजे खरं बोलायला शिकवतात का, मॅडम?" हा साइटवरच्या सुपरवायझरचा प्रश्न. लग्नाच्या पंगतीत काका विचारतात, "आम्हाला हे आई-वडिलांनी फुकटात शिकवलं, तू त्यासाठी पौंड मोजलेस?" आणि लॅबमध्ये नव्याने लागलेली मुलगी परवा चाचरत म्हणाली, "मॅडम, त्याने कामात काही फरक पडतो का हो?" पहिल्या दोघांना मी आजवर हसण्यावारी नेलं. तिचा प्रश्न तसा नेता आला नाही, म्हणून हे लिहितेय.

मी सिव्हिल इंजिनिअर. नोकरीची बरीच वर्षं काँक्रीटचे क्यूब फोडण्यात गेली. बाहेरच्यांसाठी सांगते: स्लॅब किंवा कॉलम भरताना त्याच काँक्रीटचे 15 सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात, पाण्यात ठेवतात आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली दाबून फोडतात. एम-25 चं काँक्रीट असेल तर 28 दिवसांनी त्याने दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन सोसायला हवेत. आकडा आला की रिपोर्ट, रिपोर्टवर सही, सहीवर कंत्राटदाराचं बिल.

एका साइटचे क्यूब टेम्पोतून यायचे, गोणपाटात गुंडाळलेले, लाल रंगात नंबर टाकलेले. अंगाने इतके गुळगुळीत की हात फिरवावासा वाटे. एम-25 म्हणून आलेले हे क्यूब 41 च्या आसपास फुटायचे. दर वेळी. मशीनवरचा मुलगा हसून म्हणायचा, "मॅडम, व्हीआयपी आले." लॅबसाठी म्हणून वेगळा, सिमेंट चढवून केलेला माल कसा असतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गेले. एका कॉलमच्या कोपऱ्यावर सहज किल्ली घासली, तर वाळू भुरभुरत खाली आली.

साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आपण क्यूब तपासतो, इमारत नाही. खाली लिहिलंय ना?" लिहिलेलं होतंच, रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात: 'नमुना ग्राहकाने आणून दिला तसा तपासला.' त्या ओळीत एक शब्दही खोटा नव्हता. मी गप्प बसले, आणि पुढच्या रिपोर्टवरही सही केली. पैसे कोणी देऊ केले नव्हते, धमकी नव्हती. काका म्हणतात ते आई-वडिलांचे संस्कार माझ्याकडेही होते, पण चोरी करू नकोस, खोटं बोलू नकोस एवढ्यावर ते थांबत होते. इथे मी दोन्ही केलं नव्हतं.

पुढे काही वर्षांनी, दुसऱ्या लॅबमध्ये असताना, इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाचा व्यावसायिक नीतिशास्त्राचा, म्हणजे एथिक्सचा, तो ऑनलाइन एमए घेतला. रात्री जेवणं आटोपल्यावर डायनिंग टेबलावर लॅपटॉप. सोबत एक नर्स, एक हिशेबतपासनीस, पोलिसातला एक निवृत्त माणूस. कंटाळाही पुष्कळ होता. 'इंटिग्रिटी' म्हणजे काय यावर तीन आठवडे काथ्याकूट चालला, तेव्हा मला आपला 'सचोटी' शब्द फार बरा वाटला. त्यात निदान सोनं कसाला लावल्यासारखा आवाज तरी आहे.

पण बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने 1973 मध्ये उदाहरणादाखल कल्पिलेला जॉर्ज भेटला आणि मी खुर्चीत सरळ झाले. जॉर्ज रसायनशास्त्रज्ञ, तब्येतीने अधू, घरी लहान मुलं, नोकरी नाही. त्याला रासायनिक आणि जैविक युद्धावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत जागा मिळू शकते. त्याला हे काम पटत नाही. पण त्याने नाही म्हटलं तर ती जागा दुसऱ्याला मिळेल, आणि तो दुसरा जोमाने काम करेल. मग जॉर्जने घेतलेली काय वाईट? हे तर आमच्या लॅबमधलं रोजचं वाक्य! "आपण नाही केलं तर समोरची लॅब करून देईल." साहेब ते व्यवहार म्हणून सांगायचे, मी नाइलाज म्हणून ऐकायचे. विल्यम्सचं म्हणणं असं की, नुसती फायद्या-तोट्याची बेरीज करायला बसलो की ते काम मी करतेय याला काही अर्थच उरत नाही. सही माझी असते, ती समोरच्या लॅबची नसते, इतकं साधं आहे ते. मला ते कळायला लॅपटॉपवर एक इंग्रज यावा लागला, हेही खरं.

दुसरी गोष्ट माझ्याच धंद्यातली. न्यूयॉर्कची 59 मजली सिटीकॉर्प इमारत. खाली एका कोपऱ्यात चर्च, म्हणून तिचे खांब कोपऱ्यांत न देता प्रत्येक बाजूच्या मध्यावर दिलेले. इमारत उभी राहिल्यावर, 1978 मध्ये, तिचे स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लेमेझुरिए यांच्या लक्षात आलं की वेल्डिंगऐवजी बोल्टने केलेले सांधे तिरक्या वादळी वाऱ्यात दगा देऊ शकतात. त्यांनी स्वतःहून मालकांना सांगितलं, आणि रात्रपाळीत सांध्यांवर दोन इंची पोलादी प्लेटा वेल्ड झाल्या. नेमका तेव्हा तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रांचा संप चालू होता. सगळी हकिकत लोकांपुढे आली ती 1995 मध्ये.

वर्गात बहुतेकांनी त्यांना शाबासकी दिली, आणि चूक कबूल करायला लागणारं धैर्य मलाही मान्य आहे. पण माझ्या डोक्यातून खालच्या फुटपाथवरून रोज ऑफिसला जाणारी माणसं जाईनात. त्यांना कोणी विचारलं? मी निबंधात तसं लिहिलं आणि शेजारी, काय वाटलं कोण जाणे, आमच्या रिपोर्टच्या तळाची ओळही भाषांतर करून टाकली. त्या नर्सने वाचून एवढंच विचारलं, "ही ओळ कोणासाठी लिहिली आहे?" दोन दिवस उत्तर सुचलं नाही. फ्लॅट घेणारा ती वाचतच नाही. कंत्राटदाराला ती माहीतच असते. ती आमच्यासाठी होती, उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर.

आणि नुसतं खरं बोलून भागतं असंही कोणी समजू नये. सत्येंद्र दुबे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात इंजिनिअर होते. रस्त्याच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी 2002 मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांना गोळ्या घातल्या. तपासात लुटीचं कारण पुढे आलं, ते असो. नाव का फिरलं, हा प्रश्न त्याने मिटत नाही. नव्या मुलीला "निर्भीडपणे बोल" असा सल्ला मी देत नाही, तो याच कारणाने. आधी बोलायची जागा तयार करावी लागते, आणि ती माझ्यासारख्या सही करणाऱ्यांनी करायची असते.

तर फरक काय पडला, एवढाच. हल्ली माझ्या सहीच्या रिपोर्टवर ती ओळ तळाशी नसते. वर, आकड्याच्या लगेच खाली, त्याच अक्षरात असते, आणि जरा वेगळी: 'नमुना घेताना प्रयोगशाळेचा माणूस हजर नव्हता.' मालकांनी आधी कुरकुर केली. दोन गिऱ्हाइकं समोरच्या लॅबकडे गेली, तीही मोठी.

गेल्या महिन्यात एका बिल्डरचा फोन आला. "मॅडम, ती ओळ काढता येईल का? बँकवाले विचारतात." म्हटलं, "येईल की. पुढच्या स्लॅबला आमचा मुलगा बोलवा, तो समोर उभा राहून क्यूब भरून घेईल." जरा वेळ फोनवर नुसता मिक्सरचा आवाज. मग म्हणाले, "त्याच्या गाडीभाड्याचं काय, तुमचं का आमचं?"

तुमचं, म्हटलं.