नव्या घरात आलेल्या सशाची भीती

सोमवार, रात्री

निवांत बसलेला ससा आणि भीतीने थिजलेला ससा दुरून अगदी सारखेच दिसतात, आणि नव्याने ससा घरी आणणाऱ्या माणसाची खरी कसोटी या सारखेपणापाशीच लागते. भुऱ्या आल्यापासून लपण्याच्या खोक्यात, मागच्या कोपऱ्यात बसून आहे. धावपळ नाही, आवाज नाही, काही कुरतडणे नाही. ‘किती गुणी आहे, जागचा हलत नाही,’ असे आई कौतुकाने म्हणते, आणि मला नेमकी त्याच्या न हलण्याचीच काळजी वाटते. घाबरलेला कुत्रा भुंकतो किंवा केकाटतो, घाबरलेले मांजर फिसकारते. ससा बहुधा काहीच करत नाही. आपल्या पाळीव सशांचा पूर्वज म्हणजे स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सच्या माळरानांवर बिळे करून राहणारा रानससा. कोल्हा, लिंक्स नावाचे मोठे रानमांजर, ससाणा, गरुड अशा साऱ्यांचे तो भक्ष्य. हललेला ससा शिकाऱ्याच्या नजरेत भरतो आणि न हललेला पुष्कळदा वाचतो, हा हिशेब त्याच्या अंगात इतका खोल मुरलेला आहे की चार भिंतींच्या सुरक्षित खोलीतही तो तसाच लागू होतो.

म्हणून आज संध्याकाळी मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसून त्याच्या शरीराकडे भागाभागाने पाहिले. निवांत ससा पुढचे पाय छातीखाली घेऊन बसतो तेव्हा त्याचे अंग सैल पडलेले असते, पाठ सहज गोलाई घेते आणि डोळे अर्धवट मिटत जातात. भुऱ्याचे पोट जमिनीला चिकटलेले होते, मान आत ओढलेली होती आणि मांड्यांचे स्नायू इतके ताठ होते की मऊ केसांखालूनही तो ताठपणा जाणवत होता. कान पाठीवर गच्च दाबलेले होते. विश्रांती घेणारा ससाही कान मागे टेकवतो, परंतु बाहेर काही खुट्ट झाले की त्यातला एक तरी कान सहजपणे त्या दिशेला वळतो; भुऱ्याचे कान दाराची कडी वाजली तेव्हाही हलले नाहीत. डोळे विस्फारलेले होते आणि कडेला पांढरी कोर दिसत होती, जी एरवी सशाच्या डोळ्यात सहसा दिसत नाही.

नाकाविषयी थोडे सविस्तर लिहून ठेवते, कारण नाकावरून फसगत होऊ शकते. ससा जागा आणि सावध असला की त्याचे नाक भराभर हलत राहते, आणि तो जसजसा सैलावतो तसतशी ही हालचाल मंदावते. एवढ्यावरून ‘नाक थांबले म्हणजे ससा शांत झाला’ असे मानावेसे वाटते. परंतु अतिशय दचकलेला ससाही काही क्षण नाक पूर्ण थांबवतो, कारण तेव्हा तो सर्वांगाने ऐकत असतो. थांबलेल्या नाकाबरोबर मिटू लागलेले डोळे आणि सैल अंग असेल तर ती झोप आहे; तेच नाक ताठ अंगात आणि विस्फारलेल्या डोळ्यांखाली थांबलेले असेल तर ती धास्ती आहे. उघडे डोळे एकटे घेतले तर तेही पुरेसे सांगत नाहीत, कारण ससे उघड्या डोळ्यांनीही झोपतात. कोणतेही एक लक्षण सुटे घेऊन निर्णय करू नये, या मतावर मी आज पक्की झाले आहे.

मंगळवार, पहाटे

अंधारात एकदम ‘धप्’ असा आवाज आला आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. भुऱ्याने मागचा पाय जमिनीवर आपटला होता. रानात असा पाय आपटला की त्याचा आवाज आणि जमिनीतला कंप बिळातल्या सोबत्यांपर्यंत पोहोचतो आणि ते सावध होतात. हा राग असतो असे पुष्कळांना वाटते, आणि कधीकधी नाराजी म्हणूनही ससे पाय आपटतात, पण नव्या जागेत पहाटेच्या वेळी आपटलेल्या पायाला मी इशाराच मानेन. तो कशाचा, हे मला ऐकू येण्यासारखे असेलच असे नाही. माणसाची श्रवणशक्ती २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते आणि सशाला ४० किलोहर्ट्झच्याही पुढचे ऐकू येते. खोलीतले एखादे विजेचे उपकरण माझ्या लेखी मुके असून त्याच्यासाठी अखंड किरकिरत असू शकते. मी दिवा लावला नाही, त्याच्याजवळ गेले नाही, फक्त हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहिले. खोलीतला चार्जर मात्र काढून ठेवला.

बुधवार

आज दिवसभर लक्ष त्याच्या खाण्याकडे आणि लेंड्यांकडे होते. सशाच्या भीतीची सर्वांत विश्वासार्ह नोंद तिथेच सापडते, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण कान आणि डोळे क्षणाक्षणाला बदलतात, पण आतड्यांचे काम तासन्‌तासांची हकिकत सांगते. सशाचे पचन सतत चालू राहण्यासाठी घडलेले आहे. तंतुमय गवत आत येत राहिले तरच आतडी हलत राहतात, आणि भीतीमुळे रक्तात उतरणारी ताणाची संप्रेरके नेमकी ही हालचाल मंद करतात. ती मंदावली की पोटात वायू साचतो, दुखू लागते, दुखल्यामुळे ससा खात नाही आणि न खाल्ल्यामुळे आतडी आणखी थंडावतात. भीती एवढ्या वाटेने सशाचा जीव घेऊ शकते, आणि म्हणूनच ‘घाबरलाय, रुळेल हळूहळू’ असे म्हणून न खाणाऱ्या सशाला सोडून देणे मला पटत नाही. १२ तास ससा काही खात नसेल किंवा लेंड्या पडत नसतील तर ती तातडीची बाब आहे. तेव्हा सशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना गाठावे, सकाळची वाट पाहू नये.

भुऱ्या खातो आहे, पण कोणी पाहत नसताना. मी खोलीत असेपर्यंत गवताला तोंड लावत नाही, आणि बाहेर जाऊन दाराशी उभी राहिले की थोड्या वेळाने चघळण्याचा आवाज येतो. हे भीतीचेच लक्षण असले तरी आजच्या घडीला मला ते दिलासा देणारे वाटते. लेंड्या पहिल्या दिवशी लहान, गडद आणि वेड्यावाकड्या होत्या. आजच्या जरा मोठ्या, गोल आणि आत गवताच्या बारीक चुऱ्यासारख्या आहेत. त्याच्या पूर्वीच्या घरून आलेले गवतच मी पुढे चालू ठेवले आहे. जागा बदलली, माणसे बदलली, वास बदलले. त्यात अन्नही एकदम बदलले तर आधीच दडपलेल्या आतड्यांवर आणखी भार पडेल. जुन्या अंथरुणाचा तुकडाही त्याच्या खोक्यात तसाच न धुता ठेवला आहे.

एक नोंद वेगळी हवी. ससा रोज द्राक्षाच्या घोसासारख्या दिसणाऱ्या मऊ, चकचकीत गोळ्याही टाकतो आणि त्या थेट तोंडाने उचलून खातो. ही विकृती नाही आणि घाबरल्याची खूणही नाही. त्यातून त्याला आवश्यक जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. मात्र या गोळ्या न खाता पडून राहू लागल्या तर कुठेतरी बिघाड आहे असे समजावे.

दातांचा आवाज आज एकदाच ऐकू आला, तोही अगदी हलका. समाधानी ससा दात हळुवार घासतो तेव्हा गालांची बारीक थरथर दिसते. मोठ्याने, करकर वाजणारे दात मात्र बहुधा वेदनेचे असतात, आणि त्याबरोबर ससा अंग आखडून एकाच जागी बसला असेल तर त्याला भीती म्हणून बाजूला सारता येत नाही.

शुक्रवार

भाचा आला होता आणि त्याने येताक्षणी ‘मावशी, मी उचलू का त्याला?’ असे विचारले. मी नाही म्हटले आणि त्याला माझ्या शेजारी जमिनीवर बसवून कारण समजावून सांगितले. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते, वरचेही दिसते. परंतु नाकाच्या अगदी पुढची आणि हनुवटीखालची थोडी जागा त्याला दिसत नाही. समोरून नाकाशी नेलेला हात त्याच्या दृष्टीने मध्येच नाहीसा होतो, आणि वरून खाली येणारा हात ससाण्याच्या झडपेहून त्याला वेगळा वाटण्याचे कारण नाही. हात बाजूने, जमिनीलगत न्यावा आणि तो स्वतः हुंगायला येईपर्यंत तसाच ठेवावा. भाच्याने तसा हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला, याचे मला फार बरे वाटले.

न उचलण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. सशाच्या हाडांचे वजन त्याच्या एकूण वजनाच्या ७ ते ८ टक्केच असते, तर मांजरात ते १२ ते १३ टक्के असते. त्याउलट मागच्या पायांचे स्नायू मात्र विलक्षण ताकदीचे. मागचा भाग नीट आधार न देता धरलेला ससा घाबरून जोराने लाथा झाडतो तेव्हा त्याच्या स्वतःच्याच ताकदीने पाठीचा कणा मोडू शकतो.

याच संदर्भात सशाला उताणे करून ‘झोपवण्याचा’ प्रकार मला मनापासून खटकतो. उताणा केलेला ससा निपचित पडतो, पाय सैल सोडतो, आणि पाहणाऱ्याला तो सुखावला आहे असे वाटते. प्रत्यक्षात शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या प्राण्याची ती अखेरची निश्चलता आहे. अशा स्थितीत सशांची मोजमापे घेतली गेली तेव्हा हृदयाचे ठोके, श्वास आणि रक्तातील ताणाचे संप्रेरक ही सर्व वाढलेली आढळली आहेत. सोमवारी जे लिहिले त्याचेच हे अधिक क्रूर रूप आहे: बाहेरून शांत, आतून भयभीत. नखे कापण्याच्या सोयीसाठीही मी भुऱ्याला कधी उताणा करणार नाही.

श्वास मोजण्याची सवय मात्र लावून घेतली आहे. विसावलेल्या सशाचे श्वास मिनिटाला साधारण ३० ते ६० असतात, आणि दुरूनच कुशीच्या हालचालीवरून ते मोजता येतात. भीतीने ते वाढतात, पण उष्म्यानेही वाढतात, आणि ससा घामावाटे अंग थंड करू शकत नसल्यामुळे उष्म्याचा धोका त्याला फार लवकर गाठतो. म्हणून श्वास जलद दिसले की आधी खोलीच्या तापमानाचा विचार करते. ससा तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर मात्र विचार करत बसण्याची वेळ नसते, कारण ससे नाकानेच श्वास घेतात आणि तोंड उघडणे ही निकराची अवस्था असते.

रविवार, संध्याकाळी

ससे पहाटे आणि दिवेलागणीला सर्वाधिक हालचाल करतात, म्हणून त्याची प्रगती जोखायची ती याच वेळांना. दुपारी तो खोक्यात पडून असतो याला घाबरणे म्हणता येत नाही. खोक्याला आता दुसऱ्या बाजूनेही दार कापले आहे. बिळाला एकाहून अधिक वाटा असतात आणि पळायला वाट आहे एवढे कळले तरी त्याचा ताण उतरतो, असे दिसते. दुसरे दार झाल्यापासून तो अधिक वेळा बाहेर डोकावतो आहे.

आज तो माझ्या दिशेने आला. मागचे पाय होते तिथेच रोवून त्याने अंग पुढे इतके लांबवले की पोट जमिनीला टेकले. कान पुढे, शेपूट ताठ, नाक भराभर हलत होते. या पवित्र्यात भीती आणि कुतूहल दोन्ही एकाच वेळी असतात, आणि मागचे पाय परतीची तयारी सोडत नाहीत. मी श्वासाचाही आवाज होऊ न देता बसून राहिले. त्याने माझ्या ओढणीचे टोक हुंगले, कोथिंबिरीची काडी घेतली आणि खोक्यात परत गेला. नंतर बाहेर येऊन त्याने खोक्याच्या कडेला हनुवटी घासली. हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास लावून ससा जागा आपली म्हणून नोंदवतो. भीतीने दबलेला प्राणी सहसा ती तसदी घेत नाही.

तरीही मी त्याला निर्धास्त म्हणणार नाही. गवत भरायला हात आत नेला तेव्हा तो गुरगुरला आणि पुढच्या पंजांनी झडप घालून मागे सरला. याला कोणी तापटपणा म्हणेल, पण पळायला जागा नसलेल्या कोपऱ्यातून घातलेली झडप मी भीतीच्या खात्यावर लिहिते. यापुढे तो बाहेर असतानाच गवत भरायचे ठरवले आहे. वयात येणाऱ्या नराची संप्रेरकेही यामागे असू शकतात, म्हणून नसबंदीविषयी पशुवैद्यांशी बोलायचे आहे. मागचे पाय पसरून, कुशीवर धाडकन आडवे होऊन झोपणे आणि हवेत अंग पिळून मारलेली उडी, या निर्धास्तपणाच्या दोन खुणा अजून दिसलेल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी न्यायचे आहे. वरून उघडणारा प्रवासाचा पिंजरा आजपासूनच त्याच्या खोलीत, दार उघडे आणि आत गवत घालून ठेवला आहे, म्हणजे त्या दिवशी तो परका वाटणार नाही. ससे एकटे राहणारे प्राणी नाहीत, म्हणून जोडीदाराचाही प्रश्न आहे. तो नसबंदीनंतर, आणि दोघांची ओळख तटस्थ जागेत सावकाश करून देता येईल तेव्हाच हाती घ्यायचा. तोवर रोज सकाळी गवत किती संपले आणि लेंड्या कशा आहेत हे या वहीत लिहायचे.